शाळेची परसबाग: आधी अंदाज, मग कुदळ

ताई, तुम्ही लिहिलंय की मराठवाड्यातली तुमची जिल्हा परिषदेची शाळा पहिली ते सातवीची आहे, मागे दीड गुंठा काळी जमीन आहे आणि बोअरला हिवाळ्यापर्यंत बऱ्यापैकी पाणी असतं. गेली दोन वर्षं तुम्ही त्या सगळ्या जागेत परसबाग केली. पावसाळ्यात ती हिरवीगार दिसते, केंद्रप्रमुख कौतुक करून जातात, पण दिवाळीची सुट्टी संपवून यावं तर निम्मी वाळलेली असते. खरी खंत तुम्ही शेवटी लिहिली आहे: मुलं सांगितलं की पाणी घालतात, सांगितलं की खुरपतात, पण त्यातून नेमकं काय शिकली असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. बाग का वाळते, हा क्षेत्राचा आणि वेळापत्रकाचा प्रश्न आहे आणि तो सुटण्यासारखा आहे. मुलं का शिकत नाहीत, हा बागेत निर्णय कोण घेतं याचा प्रश्न आहे. मी बरीच वर्षं शाळांबरोबर परसबागेचं काम करते. काय पेरायचं, किती अंतरावर, पाणी केव्हा, हे सगळं जिथे बाई आणि गुरुजी ठरवतात तिथे मुलांच्या वाट्याला फक्त मजुरी येते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मजुरीने हात तयार होतात, तेही हवंच. पण ‘असं का झालं?’ हा प्रश्न पडायला आधी ‘मला वाटतं असं होईल’ असं म्हणायची संधी मिळावी लागते. माझ्या कामाचा सगळा भर या एका गोष्टीवर असतो.

पुढचं सगळं तुमच्याकडे जसंच्या तसं लागू होईल असं नाही. कोकणात जांभ्याची जमीन आणि धो धो पाऊस असतो, तिथे वाफे उंच करावे लागतात आणि कसदार माती बाहेरून आणावी लागते. विदर्भात शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, त्यामुळे तिथलं वेळापत्रक पुढे सरकतं. तुमच्याकडे शिक्षक किती, यावरही बरंच अवलंबून आहे. द्विशिक्षकी शाळेने दोन वाफ्यांवरच थांबावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी क्षेत्राचं बघू. दीड गुंठा म्हणजे सुमारे १५० चौरस मीटर. पाऊस नसलेल्या दिवसांत ओल्या मातीतून आणि पानांतून मिळून रोज साधारण ४ ते ५ मिलिमीटर पाणी हवेत जातं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. म्हणजे तुमच्या बागेला रोज किमान ६०० लिटर पाणी लागतं. मुलांनी बादल्या वाहून हे होणं शक्य नाही, मग पाइप लागतो, मग पाइप धरायला मोठं माणूस लागतं आणि मुलं बाजूला राहतात. त्याऐवजी ३ फूट रुंद आणि १० फूट लांब असे सहाच वाफे करा. ते सगळे मिळून १७ चौरस मीटरच्या आसपास भरतात. पाणी ७० ते ८५ लिटर, म्हणजे दर वाफ्याला रोजची एक मोठी बादली. जेवणानंतर हात धुतल्याचं पाणी एका टाकीत वळवलं तर त्यातला बराच भाग तिथेच भागतो. उरलेल्या जागेत कडेने शेवगा, कढीपत्ता, गवती चहा लावा आणि एका कोपऱ्यात पाचोळ्याच्या खताचा ढीग करा.

हे गणित तुम्ही करून दाखवू नका, पाचवी ते सातवीच्या मुलांना करू द्या. सरळ उभ्या कडांचा एक डबा उघड्यावर ठेवा आणि पाऊस पडून गेला की पट्टी बुडवून किती मिलिमीटर पाणी साठलं ते मोजायला सांगा. काल १२ मिलिमीटर पडला, तर आपल्या वाफ्याला किती लिटर मिळालं? मग आज बादली ओतायची की नाही? क्षेत्रफळ, एकक, गुणाकार सगळं त्यात येतं, आणि उत्तर चुकलं तर वाफाच सांगतो.

वाफ्याची रुंदी ३ फूट अशासाठी की दोन्ही बाजूंनी मुलाचा हात मधोमध पोचावा आणि वाफ्यात पाय ठेवावा लागू नये. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी अडीच फूट पुरे. मध्ये दीड फुटाची वाट ठेवा. काळी माती पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळं गुदमरतात, म्हणून गादीवाफे, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेले वाफे करा, सपाट नकोत. वाफसा, म्हणजे काम करता येईल इतपतच ओल, आल्याशिवाय मातीला हात लावू नका. मूठभर माती दाबून लाडू करायचा आणि अंगठ्याने टोचायचं: भुगा झाला तर वाफसा आहे, चिकटून चपटा झाला तर अजून थांबायचं. पहिलीचं मूलही हे करतं. खरं तर पावसानंतर रोज सकाळी हे एवढंच करून ‘आज काम करायचं का’ याचा निर्णय पहिलीच्या वर्गाकडे द्यावा. शाळाभर त्यांचा शब्द चालतो, याचं त्यांना काय वाटतं ते बघा. कुंपणाला तुमच्या भागात तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळक्या काड्या, मुबलक मिळतात, शेळ्या तेवढ्याने थोपतात. बाभळीच्या काटक्या मात्र नकोत, लहान मुलं अनवाणी असतात.

आता वेळापत्रक. आपण शेतकऱ्याच्या हंगामाप्रमाणे पेरतो, पण शाळेचा हंगाम वेगळा असतो. जून-जुलै ते दिवाळी हा एक, दिवाळीनंतर ते मार्च हा दुसरा. प्रत्येक पिकाचे दिवस मोजून ते या दोन खिडक्यांत बसवायचं. लाल माठ आणि मेथी महिन्याभरात हाताशी येतात, मुळा ४० ते ४५ दिवसांत, भेंडीची पहिली तोडणी ४५ ते ५० दिवसांत. चांगला पाऊस होऊन जुलैच्या सुरुवातीला पेरलं तर हे सगळं दिवाळीच्या आत खाऊन होतं. सुट्टी लागण्याआधी वाफे रिकामे करायचे, कुजलेलं शेणखत मिसळायचं, वर चार बोटं पाचोळा अंथरायचा आणि घरी जायचं. सुट्टीवरून आल्यावर मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर. सुट्टीत पाणी कोण घालणार, ही पाळी लावायची वेळच येऊ नये. शाळा बंद असताना शिपाईमामांच्या जिवावर बाग ठेवणं त्यांच्यावर अन्याय आहे.

याला एक चांगला अपवाद म्हणजे गावरान वाल. जुलैत लावलेला वाल दिवाळीपर्यंत वेल आणि पानंच वाढवत राहतो आणि दिवस लहान झाले की फुलावर येतो. त्याची मुळं खोल जातात, त्यामुळे पाचोळा असेल तर तो सुट्टी काढतो. त्याच्या शेजारी त्याच दिवशी चवळी लावा. चवळी दीड-दोन महिन्यांत फुलते, वाल फुलत नाही. मुलं विचारतातच, ‘बाई, आमचा वाल वांझ आहे का?’ तेव्हा उत्तर देऊ नका. दिनदर्शिकेवर सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात, त्या दर आठवड्याला फळ्याच्या कोपऱ्यात लिहायला सांगा. दिवस किती मिनिटांनी लहान झाला आणि वालाला पहिली कळी कधी आली, हे दोन्ही एका कागदावर आलं की पुढचं मुलंच बोलतात.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला सुरुवात होते. मी प्रत्येक वाफ्याला एक वही ठेवते. तिच्या पानाला मधोमध रेघ. डावीकडे ‘आम्हाला वाटतं’, उजवीकडे ‘झालं असं’. कुदळ मारायच्या आधी डावी बाजू भरलेली हवी, हा नियम. अंदाज चुकला तरी खोडायचा नाही. यात सगळ्यात अवघड काम शिक्षकाचं आहे, कारण आपल्याला उत्तर माहीत असतं आणि गप्प बसवत नाही.

मुळ्याचं घ्या. बी दाट पडतं, मग विरळणी करावी लागते. आपण सांगतो, ‘बोटभर अंतर ठेवून बाकीची उपटा.’ मुलं उपटतात, पण नाखुशीने, कारण जिवंत रोप उपटून टाकणं त्यांना पटत नाही. त्यांच्या बाजूने ते बरोबरच आहे. म्हणून अर्ध्या वाफ्यात विरळणी करा, अर्ध्यात करू नका. अंदाज लिहून घ्या: कुठे जास्त मुळे मिळतील? बहुतेक मुलं दाट बाजूकडे बोट दाखवतात, कारण तिथे रोपं जास्त आहेत. सहा आठवड्यांनी दोन्हीकडचे मुळे उपटून, धुऊन, ओळीने मांडा. दाट बाजूला भरघोस पाला आणि खाली शेपटासारखं मूळ, विरळ बाजूला मनगटाएवढे मुळे. पोषण आहाराचा तराजू आणून पाला वेगळा आणि मुळा वेगळा तोला. मग चर्चा रंगते, कारण कोणीतरी म्हणतंच की आमच्या घरी पाल्याची भाजी करतात, मग दाट पेरलं ते काय वाईट? हा प्रश्न आला की तास सार्थकी लागला समजा. कशासाठी पेरतो यावर अंतर ठरतं, हे शेतीतलं मोठं ज्ञान त्या मुलाने स्वतः काढलेलं असतं.

मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो लाल भोपळ्याचा प्रयोग, आणि तो पाचवीच्या वरच्या मुलांसाठी फार मोलाचा आहे. जुलैत लावलेल्या वेलाला ऑगस्टच्या मध्यापासून फुलं येतात. पहिली बरीच फुलं नराची असतात, लांब बारीक देठाची. मग मादीची येतात, त्यांच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा गोळा असतो. मुलं म्हणतात, ‘भोपळा लागला!’ चार-पाच दिवसांत तो गोळा पिवळा पडून गळतो आणि सगळे हिरमुसतात. हीच वेळ साधायची. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं, म्हणून हे काम परिपाठाच्या आधी. आदल्या संध्याकाळी, दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या मादीच्या तीन कळ्या हेरायच्या. त्या पिवळट आणि फुगीर दिसतात. दोघींच्या पाकळ्या दोऱ्याने हलकेच बांधायच्या, तिसरी मोकळी. एक-दोन नर कळ्याही बांधायच्या, म्हणजे त्यांचा पराग मधमाशा नेणार नाहीत. सकाळी बांधलेलं नर फूल तोडून पाकळ्या काढायच्या, मधला दांडा परागाने पिवळा झालेला असतो. पहिल्या मादी फुलाचा दोरा सोडून आतल्या कुक्षीवर तो दांडा अलगद फिरवायचा आणि फूल पुन्हा बांधायचं. दुसरं बांधलेलं फूल उघडायचंच नाही. तिसरं मधमाशांवर सोडायचं. तिन्ही देठांना वेगळ्या रंगाचे दोरे बांधून वहीत अंदाज लिहायचा. आठवड्यात कळतं: हाताने पराग दिलेला गोळा वाढायला लागतो, बंद ठेवलेला गळतो आणि मोकळ्याचं त्या सकाळी मधमाशा आल्या की नाही त्यावर. पुस्तकातलं परागीभवन मुलांनी पाठ केलेलं असतं, पण नर फूल ‘वाया’ नसतं आणि फवारणी सकाळी का करायची नाही, हे त्यांना इथे उमगतं. दुधीची आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांना ते संध्याकाळी बघून यायला सांगा आणि तिथे कोण कीटक येतात हे विचारा, उत्तर वेगळं मिळेल.

कीड दिसली की लगेच फवारणीकडे वळू नका. वालाच्या शेंड्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला की मुंग्या येतात आणि पाठोपाठ ढालकिडाही (लेडीबर्ड). त्याची अळी काळपट, लांबुळकी, नारिंगी ठिपक्यांची असते, दिसायला भीतिदायक. मुलं तीच आधी चिरडतात आणि माव्याला सोडतात. एका शेंड्यावर चिठ्ठी बांधा, त्यावरचा मावा रोज मोजायचा आणि अळीला हात लावायचा नाही. ती एकेक मावा कशी धरून खाते हे बघायला वर्गातलं सगळ्यात उनाड पोरही तासभर बसतं. कीड फारच वाढली तर ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो: लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा रात्रभर भिजवून, गाळून, थोडा साबण घालून, संध्याकाळी. फवारणी मोठ्या माणसाने करावी.

लहान वर्गांना मोठं बी द्या: वाल, मका, भोपळा. काचेच्या पेल्यात कडेला ओला कागद लावून त्यात वाल उलटा, सुलटा, आडवा ठेवला की मूळ कुठेही वळून खालीच जातं, हे चार-पाच दिवसांत दिसतं. मधल्या वर्गांना पेरणीआधी उगवण तपासायला द्या: ओल्या फडक्यात मोजून बिया, किती रुजल्या, शेकडा किती. कोथिंबिरीला एका ओळीत अख्खे धने पेरा, एका ओळीत रगडून दोन भाग केलेले. एका धन्यात दोन बिया असतात, त्यामुळे अख्ख्यातून एकाच जागी दोन रोपं येतात. मुलांनी हे शोधून काढलं की त्यांना थांबवणं अवघड होतं.

हे काही मी नव्याने सांगत नाही. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, तेव्हा म्हणणं हेच होतं की हाताचं काम हे अभ्यासाला जोडलेलं शेपूट नाही, अभ्यास त्यातूनच निघावा. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला तो याच विश्वासावर. तुम्ही परसबागेसाठी वेगळा तास शोधत असाल तर तो मिळणार नाही. गणिताचा, विज्ञानाचा, मराठीचा तास वाफ्यावर न्या. वही लिहिणं हा मराठीचाच तास आहे.

सुरक्षेबद्दल मात्र मी कडक आहे. दुकानातलं बियाणं गुलाबी, हिरव्या किंवा निळ्या भुकटीने माखलेलं असतं. ते बुरशीनाशक असतं, मुलांच्या उघड्या हातात द्यायचं नाही. शक्यतो घरचं, न रंगवलेलं बी वापरा. आवारात चंद्रज्योत, धोतरा, कण्हेर असेल तर काढून टाका. चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून मुलं खातात आणि दवाखान्यात पोचतात. गाजरगवत मुलांना उपटायला लावू नका, त्याने अंगावर पुरळ उठतं आणि दमा बळावतो. पाचोळ्याच्या ढिगात हात घालायचा नाही, काठीने हलवूनच.

आणि एक गोष्ट अशी की तिच्याशी मी कधीच तडजोड करत नाही. बागेचं काम शिक्षा म्हणून देऊ नका. उशीर झाला, जा वाफा खुरप, असं एकदा झालं की माती ही अपमानाची जागा बनते. पाणी मुलींनी आणायचं, कुदळ मुलांनी धरायची, शेण ठरावीक मुलांनीच उचलायचं, अशी वाटणी आपोआप पडते, कोणी न सांगता. पाळ्यांचा तक्ता करून भिंतीवर लावा आणि त्यात स्वतःचंही नाव लिहा.

पिकलेलं खाल्लं जाणं फार महत्त्वाचं. सहा वाफ्यांतून साऱ्या शाळेला रोज भाजी पुरणार नाही, पण आठवड्यातून एकदा खिचडीत आपली मेथी पडते, एवढं पुरे आहे. स्वयंपाक करणाऱ्या मावशींना आधी विश्वासात घ्या, निवडणं-धुणं त्यांच्या अंगावर टाकू नका. माठाला नाक मुरडणारी मुलं स्वतः पेरलेला माठ खातात, हे मी इतक्या शाळांत पाहिलं आहे की आता त्याचं नवल वाटत नाही.

शेवटचा टप्पा बहुतेक शाळा गाळतात, तो म्हणजे बी धरणं. मेथीची पाच-सहा रोपं न उपटता ठेवा, वालाच्या आणि चवळीच्या चांगल्या शेंगा वेलावरच वाळू द्या. नोव्हेंबरच्या मध्याला पेरलेली मेथी मार्चमध्ये बियांवर येते, तेव्हा शाळा चालू असते. ही तिन्ही पिकं बहुतांशी स्वपरागी, म्हणजे स्वतःच्याच परागाने फळणारी आहेत, त्यामुळे बी मूळ वाणासारखंच निघतं. भोपळा आणि दोडका यांचं तसं नाही, शेजारच्या वाणाचा पराग मिसळतो. संकरित बियाण्याचं बी धरूनही उपयोग नाही, पुढच्या पिढीत रोपं सारखी येत नाहीत. हवं तर हाही एक प्रयोग करा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण घरोघर गोळा करून जपले आणि त्यांना २०२० चा पद्मश्री पुरस्कार मिळाला, हे मुलांना सांगा. मग घरी आजीला विचारून एकेक बी आणायला सांगा: नाव काय, कधी पेरायचं, कशाबरोबर शिजवायचं. ते बी राखेत घोळवून बाटलीत ठेवा, वर आजीचं नाव आणि वर्ष लिहा. पुढच्या जूनमध्ये नव्या वर्गाला ती बाटली मिळाली की वहीची डावी बाजू कोणी न सांगता भरायला लागते.

तुम्हाला आत्ता करता येण्यासारखं: आवारातला पाचोळा जाळू देऊ नका, साठवा, सहा वाफ्यांची आखणी मुलांकडून दोरी आणि खुंट्यांनी करून घ्या, सहा वह्या आणा. बोअरचं पाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये नेमकं किती टिकतं, ते मला कळवा. त्यावर बियाण्यासाठी किती रोपं ठेवायची आणि उन्हाळ्यात शेवग्याच्या आळ्यात पाणी झिरपत राहायला मडकी पुरायची की नाही, ते सांगते.